चोवीस तासांची लघवी

तोंडाला दावं नसलेल्या माणसाचा भरवसा नाही. वैजनाथचं तोंड तर जन्मापासून मोकाट. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली करायची म्हणजे बोलावं लागतंच, लाथ मारणारी गाय 'लेकरासारखी हाय हो' म्हणून गळ्यात मारावी लागते, ते एक सोडून देऊ. पण हा गडी बाजार उठल्यावरही बोलतच राहायचा. आणि त्या बोलण्यापायीच गावच्या सप्त्यात, भरल्या मांडवात, त्यानं आपली एक किडनी देऊन टाकली.

त्याचं असं झालं. काल्याचं कीर्तन आटोपलं होतं आणि आप्पासाहेब माइकवर पुढल्या वर्षीच्या पंगतीचे दाते पुकारत होते. आप्पासाहेब म्हणजे गावचे माजी सरपंच. सरपंचकी गेली, पण माइक काही सुटला नाही. कुणी साखरेची पोती दिली, टाळ्या. वैजनाथच्या चुलतभावानं तेलाचे डबे दिले, टाळ्या. चुलतभावाला टाळ्या पडल्या म्हटल्यावर वैजनाथला कुठलं बसवतंय! समोर बायकांत त्याची थोरली बहीण कडूबाई बसलेली, तोंड सुजलेलं, रंग मातीसारखा. तो तिच्याकडे बघून ताडकन उठला आणि ओरडला, "लिवा आप्पासाहेब! वैजनाथकडून एक किडनी! आमच्या आक्काला!"

आप्पासाहेबांनी सवयीप्रमाणं माइकवरच विचारलं, "आख्खी?"

"आख्खी!"

"वैजनाथकडून एक किडनी, आख्खी! टाळ्या!"

असल्या टाळ्या त्या मांडवात महाराजांनाही पडल्या नव्हत्या. दोन-चार दिवसांत फाट्यावर फ्लेक्स लागला. गॉगल घातलेला वैजनाथ, वर 'किडनीदाते' आणि खाली शुभेच्छुक म्हणून तीसेक पोरांची थोबाडं. त्यातल्या एकालाही नख दे म्हटलं असतं तर दिलं नसतं, पण दुसऱ्याच्या किडनीवर फोटो छापायला सगळे पुढं.

आता आक्काविषयी सांगायला पाहिजे. तिच्या आधीची भावंडं वाचली नाहीत म्हणून नाव ठेवलं कडू. कडू म्हटल्यावर यमालाही नको वाटेल असा हिशेब. वैजनाथ रांगत होता तेव्हा आई गेली, आणि या पोरीनं त्याला कडेवर घेतला तो जवळजवळ लग्नापर्यंत उतरवलाच नाही. स्वतःचा नवरा वारल्यावर ती एक म्हैस घेऊन माहेरी परत आली. त्या म्हशीच्या वंशातली चौथी का पाचवी म्हैस आता गोठ्यात होती, तिचं नाव राणी. आक्काचे गुडघे दुखायचे. दुकानातनं गोळ्या आणून ती शेंगदाण्यासारख्या खायची, वर्षानुवर्षं. गुडघे दुखायचे काही थांबले नाहीत, किडन्या मात्र थांबल्या. आता आठवड्याला तीनदा एसटीनं नगरला जायचं, चार चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि घरी येऊन राणीला वैरण टाकायची.

नगरच्या डॉक्टर लीनाबाईंनी वैजनाथला समोर बसवलं. बाई तिखट होत्या. त्यांनी आधी त्याचे डोळे बघितले, जीभ बघितली, पाठीत बोटं रोवून 'इथं दुखतं का' विचारलं. वैजनाथला कसंसंच झालं. जन्मभर दुसऱ्यांच्या जनावरांचे जबडे उघडून दात बघितले, शेपूट उचलून बघितली. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यालाच दावणीला उभं केलं होतं.

"किडन्या दोन," बाई म्हणाल्या. "पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढ्या. एकेकीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. तुमचं सगळं रक्त दिवसभर त्यातनं फिरत राहतं. दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी गाळतात."

"दीडशे?" वैजनाथ म्हणाला. "बाई, माझी म्हैस एवढं मुतत न्हाई."

"तेच सांगतेय. गाळलेलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. पाणी, साखर, हवं तेवढं मीठ. नको असलेला कचरा तेवढा दीड-दोन लिटर पाण्यातनं खाली सोडतात. दोन नळ्यांतनं ते पिशवीत उतरतं, पिशवी भरत आली की तुम्ही गाडी थांबवून झाड शोधता."

"म्हंजे दलालच की! सगळा बाजार हाताखालनं जाऊ द्यायचा आन चांगलं तेवढं ठिवून घ्यायचं."

बाईंना हसू आलं. "दलालच. पण सुट्टी न घेणारे. कडूमावशींचे दोन्ही दलाल बसले. त्यामुळं त्या पितात ते पाणी अंगातच राहतं, फुप्फुसात चढतं. मशीन दोन-तीन दिवसांचा कचरा चार तासांत काढतं, पण किडनीची सर त्याला नाही."

"आन माजी एक काढल्यावर?"

"दुसरी थोडी मोठी होते आणि बरंचसं काम एकटी ओढते. जोडीतला एक बैल गेला तर नांगर अडतो. किडनीचं तसं नाही."

इथपर्यंत झ्याक चाललं होतं. मग वैजनाथनं नको ते विचारलं. काढायची कशी? बाईंनी बोटानं स्वतःच्या कोटावर दाखवलं. इथं इथं छोटी भोकं, आणि खाली ही एवढी चीर, आतनं बाहेर काढायला. ती चीर बघितल्यावर वैजनाथच्या कानात शिट्टी वाजायला लागली आणि पुढचं त्याला काही ऐकू आलं नाही. बाईंनी हातात पाच लिटरचा पांढरा कॅन दिला तेव्हा कुठं तो जागेवर आला.

"उद्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. तिथून पुढं चोवीस तास, परवा सकाळची पहिली धरून, एकूण एक थेंब ह्यात. किडन्या किती गाळतात ते यावरनं कळतं. यात गडबड निघाली तर आपण पुढं जाणार नाही."

बाकीचं राहू द्या, 'गडबड निघाली तर पुढं जाणार नाही' हे मात्र वैजनाथनं नीट ऐकलं.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं. तोंडानं नाही म्हणायची सोय नव्हती. फाट्यावर फ्लेक्स, घरात आक्का, बायको बनुबाई तर शेजारणींना 'आमच्या ह्यांचं काळीज लई मोठं' म्हणून सांगत फिरलेली. काळीज मोठं नव्हतं हो. वाटाण्याएवढं होतं. पण कॅननंच नाही म्हटलं तर? मग दोष कुणाचा? देवाचा!

गोठ्यात जनावरांचं मूत नालीतनं बादलीत उतरायचं, शेतात सोडायच्या शेणस्लरीसाठी. एक बादली गाईची, एक राणीची. दुसऱ्या दिवशी भरदुपारी वैजनाथ कॅन घेऊन गाईच्या बादलीशी वाकला आणि थबकला. गाईचं घातलं आणि रिपोर्ट आणखीच चांगला आला म्हणजे? गोमूत्र ते! सत्यनारायणाला शिंपडतात, वैदूबुवा बाटलीत भरून विकतात, सगळे रोग जातात म्हणे. आपल्या किडन्यांचं सोनं व्हायचं आणि डॉक्टरीणबाई दोन्ही मागायची. नकोच ती भानगड. म्हशीला काय, म्हशीला कुणी देव मानत नाही. त्यानं राणीच्या बादलीतनं कॅनमध्ये घसघशीत ओतलं, वर स्वतःचं थोडं घातलं आणि झाकण लावलं. एवढं डोकं त्यानं शाळेत चालवलं असतं तर आज तालुक्याला साहेब असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काची मशीनची पाळी. "आक्का, मला बाजार हाय, तू जातीसच, एवढं लॅबमधी दे," असं म्हणून त्यानं कॅन तिच्या हातात दिला. स्वतः घेऊन जायलाही हिंमत पाहिजे ना. आक्कानं तो लुगड्याच्या पदराखाली मांडीवर घेतला, लेकरू घ्यावं तसा, आणि ती एसटीत चढली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा वैजनाथ अंगणात बाजेवर बसून राहिला होता. आक्कानं पायताण काढलं, पाय धुतले आणि पदर तोंडाला लावला.

"वैज्या, लई वंगाळ झालं रं. तुझ्या किडन्याबी गेल्या."

वैजनाथच्या पोटात आनंदाची उकळी फुटली. चेहरा मात्र त्यानं जमेल तेवढा पाडला. बनुबाईनं घरातनं हंबरडा फोडला, "आता वं काय करू मी!"

"रडू नगं बनू," आक्का म्हणाली. "आजून मशीनपत्तोर आलं न्हाई. पन आजपासनं त्येला माझंच पथ्य. डॉक्टरीणबाईनं लई बजावून सांगितलंय."

हे मात्र वैजनाथच्या हिशेबात नव्हतं.

मे महिना. नेवासा तालुक्यातल्या उन्हात दगड तडकत होते. आणि वैजनाथला दिवसाला एक तांब्या पाणी, चहा आणि गोळ्यांचा घोट त्यातलाच. मीठ बंद. लोणचं, पापड, ठेचा बंद. केळं नको, नारळपाणी नको, टमाटं नको, शेंगदाण्याची चटणी तर बघायचीही नाही. त्यातला कसलासा क्षार किडनीनं बाहेर टाकला नाही तर रक्तात साठतो आणि उभ्या माणसाचं काळीज बंद पाडतो, असं आक्कानं त्याला बाईंच्या शब्दांत समजावलं. भाजी भिजवायची, उकडायची, पाणी ओतून द्यायचं आणि राहिलेला चोथा गिळायचा. बटाट्याला तर दोनदा आंघोळ. पहिल्या घासाला वैजनाथनं विचारलं, "हे काय हाय?"

"दोडका," बनुबाई डोळे पुसत म्हणाली.

"ह्याला मारून टाकलाय व्हय?"

"वन्सं रोज हेच खात्यात. तुमी कधी ताटात डोकावलाय का त्यांच्या?"

नव्हता डोकावला. आक्का वेगळं जेवते एवढंच त्याला माहीत होतं.

चोरून पाणी प्यावं तर तीही सोय राहिली नाही. आप्पासाहेबांनी देवळाच्या भोंग्यावरनं पुकारलं, "सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की, वैजनाथभाऊंच्या दोन्ही किडन्या फेल झाल्या असून कोणीही त्यांना पाणी देऊ नये, ही नम्र विनंती." झालं! हॉटेलवाला त्याला बघितलं की पाण्याचा जग उचलून आत न्यायला लागला. बाजारात अलीमभाई, वीस वर्षांपासूनचे जोडीदार, त्यांनीही बाटली पाठीमागं लपवली. "नको भाऊ, पाप लागंल मला." वर गावातनं येणारे जाणारे. कुणी पानफुटीची पानं घेऊन यायचं, कुणी मुळ्याचा रस सांगायचं. एकजण जवळ बसून म्हणाला, "काळजी करू नगा, फ्लेक्सवरचा फोटो झ्याक हाय, तोच कापून लावता येईल भिंतीला." वैजनाथला त्याचा गळा आवळावासा वाटला, पण ओरडायला घशात ओल नव्हती.

आणि बनुबाई खरोखर रडत होती. तिनं उपास धरले. रात्रंदिवस ती त्याच्या पायाला बोटं लावून सूज बघायची. तिचे ते हात पायाला लागले की वैजनाथला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगून टाकावं असं दिवसातनं दहादा ओठावर यायचं आणि ती चीर आठवली की परत पोटात जायचं.

शेवटी एका दुपारी तो फुटला. सगळं गाव निजलेलं, बाहेर पांढरंफटक ऊन. जीभ टाळ्याला चिकटलेली. तो गुपचूप गोठ्यात गेला, राणीच्या हौदाशी गुडघे टेकले आणि तोंडच पाण्यात घातलं. शेवाळ, वैरणीच्या काड्या, काही बघितलं नाही. पलीकडून राणीही पीत होती. तिनं मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि परत प्यायला लागली. वैजनाथला एवढं गोड पाणी आयुष्यात लागलं नव्हतं.

"पी. पोटभर पी," मागनं आवाज आला.

तो दचकला, पाणी नाकात गेलं. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर आक्का बसली होती. तोंडात बर्फाचा खडा. तिला घोटभर पाण्यापेक्षा तेवढा खडाच जास्त वेळ पुरायचा, म्हणून दुपारी ती एक खडा घेऊन गारव्याला येऊन बसायची.

"आक्का, अगं, म्या फकस्त तोंड..."

"पी म्हनलं की. तुझ्या किडन्यांना काय बी झालेलं न्हाई."

वैजनाथच्या हनुवटीवरनं पाणी गळत राहिलं.

"कॅन मी लॅबमधी दिलाच न्हाई," आक्का म्हणाली. "एसटी फाटा सोडती न सोडती तोच झाकणातनं वास आला. म्हनलं, ही तर आपली राणी. नगरला उतरल्याबरूबर गटारात ओतला आन डॉक्टरीणबाईला सांगितलं, सांडला."

"तुला... वासावरनं?"

"मुडद्या, चाळीस वरसं म्हशीच्या बुडाखाली बसून धार काढली म्या! आन तुझंबी मला म्हाईत न्हाई व्हय? आई गेल्यावर आठ वरसाचा हुईपत्तोर रोज गोधडी भिजवायचास. लोकांच्या पोरी सकाळी शेणाला जायच्या, मी तुझी गोधडी घिऊन वढ्याला. तुझं मूत म्या येवढं धुतलंय, आन तू मलाच म्हशीचं दितूस?"

वैजनाथ तिथंच बसला. पायाखाली शेण होतं, तरी बसला. आणि जे सप्त्यापासून पोटात कोंडलं होतं ते एकदम वर आलं. तो लहान पोरासारखा भोकाड पसरून रडला.

"आक्का, मला लई भ्या वाटतंय. बाईनं बोटानं चीर दावली आन माझे पायच गेले. टाळ्यांपायी बोललो गं म्या. मला मरायचं न्हाई."

"मग तसं म्हन की! भ्या वाटतं म्हनून कुनी फासावर देतंय का? मला नगं तुझी किडनी. मशीन हाय मला, जितकं दिस चालंल तितकं चालंल. न्हाई दिलीस तरी तू माझा वैज्याच हाईस. पन मला फसवू नगंस. तेवढं सोसवत न्हाई रं."

"मग ह्ये पथ्य? बनू रडून रडून अर्धी झाली."

"तिला सांगनार हाय आजच. तिच्या बाबतीत चुकलं माझं. पन तू..." बर्फाचा खडा विरघळत आला होता, तिनं तो जिभेवर इकडचा तिकडं केला. "तू काकुळतीला आलास एवढ्याशा दिसांत. मी दोन वरसं झाली हितं बसती. तुला कुनी तरी सांगाया पायजे हुतं, आन मला सांगता येत न्हाई."

वैजनाथनं हौदाकडं बघितलं. काठोकाठ भरलेला होता. म्हैस हवं तेवढं पीत होती, तो स्वतः आत्ताच पोट फुटेस्तोवर प्याला होता, आणि आक्का दोन हात अंतरावर बसून त्याच पाण्याकडं बघत तोंडातला संपलेला बर्फ चघळत होती. त्याला शरम वाटली, नुसती शरम. भ्या होतंच, ते कुठं गेलं नव्हतं. पण शरम त्याच्यावर चढून बसली.

तो उठला, घरात गेला आणि बनुबाईला म्हणाला, "नवा कॅन आनाया लागंल. आन आदी माझ्या थोबाडीत मार, मग का ते सांगतो." बनुबाईनं कारण ऐकलं आणि एकीच्या दोन मारल्या.

नवा कॅन आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. या खेपेला वैजनाथनं लपवाछपवी केली नाही. सकाळची पहिली टाकून दिली आणि कॅन खांद्याला अडकवून बाजारात गेला. टेम्पोच्या मागं गेला तरी कॅन, लिंबाच्या आडोशाला गेला तरी कॅन. लोकांनी टिंगल केली. कुणी म्हणालं, भाऊ, बोली लावू का? त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली धरून चोवीस तास भरले आणि तो आक्काबरोबर एसटीत बसला. कॅन स्वतःच्या मांडीवर. पुढं अजून तपासण्यांची रांग होती, सुया होत्या, फोटो होते आणि सगळ्यात शेवटी ती चीर. त्याचे गुडघे थरथरत होते ते सगळ्या गाडीला दिसत होतं. घोडेगावला अलीमभाई चढले. त्यांनी कॅन बघितला.

"काय नेताय वैजूभाऊ? तूप?"

गाडी भरलेली होती. मागच्या बाकावर आप्पासाहेबही होते, आणि ते कान टवकारून होते. वैजनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"लघवी हाय अलीमभाई. माझी. मागच्या बारीला भ्यानं म्हशीची भरली हुती, आक्काला किडनी द्याया नगं म्हनून. माझ्या किडन्यांना काय बी झालेलं न्हाई. आप्पासाहेब, ह्येबी पुकारा भोंग्यावरनं."

कंडक्टरनं तिकीट फाडायचं थांबवलं. आप्पासाहेबांचा हात माइक शोधावा तसा वर आला आणि तसाच खाली गेला.

आक्कानं हात लांब केला, कॅन आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि झाकण सैल केलं. वाकून वास घेतला. चांगला दमानं घेतला, जनावर विकत घेताना घ्यावा तसा.

"हां," ती म्हणाली. "आता माणसाची हाय."

मग तिनं झाकण घट्ट लावलं, कॅनवर पदर टाकला आणि वैजनाथचा थरथरणारा गुडघा नगर येईपर्यंत हातानं दाबून धरला.